जुन्या मोटारीची गंजलेली टाकी

अनेक वर्षे छपराखाली उभी राहिलेली मोटार पुन्हा रस्त्यावर आणावयाची झाली, की बहुधा एकच अनुभव येतो. नवी बॅटरी बसविली जाते, इंजिनातील तेल बदलले जाते, टाकीत ताजे पेट्रोल भरले जाते आणि थोड्याशा प्रयासाने इंजिन चालू होते. दोन-तीन किलोमीटर मोटार नीट धावते. मग ती आचके देऊ लागते आणि चढावर थांबते. मेकॅनिक कार्ब्युरेटर उघडतो. त्याच्या तळाशी विटकरी रंगाची बारीक पूड साठलेली दिसते. ती पुसून व जेट फुंकून कार्ब्युरेटर परत बसविला, की मोटार चालू लागते. परंतु दुसऱ्या दिवशी तीच तक्रार पुन्हा उभी राहते.

ही पूड म्हणजे लोखंडाचा गंज होय. आता कार्ब्युरेटरचे मुख्य भाग जस्ताच्या किंवा ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचे असतात आणि जेट पितळेचे असतात. या धातूंवर तांबडा गंज चढत नाही. तेव्हा पूड तेथे तयार झालेली नाही, ती दुसरीकडून आली आहे, हे उघड होते. पेट्रोलच्या वाटेवर पोलादी पत्र्याची सर्वांत मोठी वस्तू एकच असते आणि ती म्हणजे टाकी. दोष टाकीत असताना कार्ब्युरेटर कितीही वेळा धुतला तरी उपयोग होत नाही. दुरुस्तीचा आरंभ टाकीपासून करून पेट्रोल ज्या क्रमाने वाहते त्याच क्रमाने पुढे गेले पाहिजे.

कोलकात्याजवळील उत्तरपाडा येथे २०१४ पर्यंत तयार होणारी ॲम्बॅसडर, मुंबईत कुर्ला येथे बनणारी फियाट ११०० व तिचेच पुढील रूप असलेली प्रीमियर पद्मिनी, मद्रासमध्ये (आजच्या चेन्नईत) तयार झालेली स्टँडर्ड हेरल्ड या मोटारी आता रस्त्यावर क्वचितच दिसतात. मुंबईतील शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये सेवेतून गेली. तथापि हौसेने व आस्थेने जतन केलेल्या अशा मोटारी देशभर आहेत. २०२१ मध्ये केंद्र सरकारने ५० वर्षांहून जुन्या मोटारींच्या नोंदणीसाठी स्वतंत्र नियमही केले. अशा प्रत्येक मोटारीच्या जतनात टाकीतील गंजाचा प्रश्न केव्हा ना केव्हा येतोच.

पेट्रोलचा मार्ग

या मोटारींची टाकी मागील बाजूस असते व इंजिन पुढे असते. टाकीतून निघालेली पोलादी नळी मोटारीच्या तळाखालून पुढे जाते आणि रबरी नळीच्या तुकड्याने पेट्रोलच्या पंपाला जोडलेली असते. पंपात एक लवचिक पडदा (डायफ्रॅम) असतो. इंजिनाच्या गतीने तो खालीवर होतो, पेट्रोल ओढून घेतो व कार्ब्युरेटरकडे ढकलतो. कार्ब्युरेटरच्या लहानशा कोठीत एक तरंगणारा फ्लोट असतो. कोठी भरत आली, की फ्लोट वर उचलला जाऊन एका सुईने पेट्रोलचे दार बंद करतो. या कोठीतून पेट्रोल जेटच्या छिद्रावाटे हवेच्या प्रवाहात शिरते. पुष्कळ कार्ब्युरेटरांत मुख्य जेटचे छिद्र एक मिलिमीटरच्या आसपास असते.

एवढ्या लहान छिद्रात गंजाचा एक कण अडकला, तर इंजिनाला पेट्रोल अपुरे पडते. तोच कण सुई व तिची बैठक यांच्यामध्ये सापडला, तर उलट परिणाम होतो. दार पूर्ण मिटत नाही, कोठी भरून वाहू लागते आणि पेट्रोल तापलेल्या इंजिनावर ठिबकते. गंजामुळे मोटार केवळ बंद पडते असे नाही. तिला आगही लागू शकते.

पेट्रोलने भरलेली टाकी का गंजते?

शुद्ध पेट्रोल लोखंडाला गंजवीत नाही. गंज चढण्यासाठी पाणी आणि प्राणवायू (ऑक्सिजन) ही दोन्ही लागतात. त्यांपैकी एक नसेल तर गंज चढत नाही. मग बंद टाकीत पाणी येते कोठून?

जुन्या मोटारीची टाकी खऱ्या अर्थाने बंद नसते. पेट्रोल उपसले जाताना आत पोकळी होऊ नये म्हणून तिच्या झाकणात किंवा वरच्या अंगाला हवेसाठी छिद्र ठेवलेले असते. दिवसा टाकी तापते, आतील हवा प्रसरण पावते व तिचा काही भाग बाहेर पडतो. रात्री टाकी थंड होते, हवा आकुंचन पावते व बाहेरची दमट हवा आत ओढली जाते. अशा रीतीने टाकी रोज एक श्वास घेते. रिकाम्या टाकीची धारणा ५० लिटर आणि दिवसरात्रीच्या तापमानातील फरक १५ अंश सेल्सिअस धरला, तर हा श्वास सुमारे अडीच लिटरांचा होतो. पावसाळ्यातील दमट हवेच्या एका घनमीटरमध्ये २५ ग्रॅमपर्यंत जलबाष्प सहज असते. त्या हिशेबाने एका श्वासाबरोबर सुमारे सहा शतांश ग्रॅम पाणी आत येते. त्यातील बरेचसे दुसऱ्या दिवशी परत जाते. पण थंड पत्र्यावर दव होऊन साचलेला भाग ओघळतो व तळाशी जाऊन बसतो. पाणी पेट्रोलपेक्षा जड असल्याने पेट्रोलखाली त्याचा थर जमतो आणि तेथून ते सहजासहजी उडून जात नाही. वर्षामागून वर्षे गेली, की तळाशी पाण्याचे डबके तयार होते.

म्हणूनच गंज दोन ठिकाणी विशेष आढळतो: वरच्या उघड्या पत्र्यावर, जेथे दव धरते, आणि अगदी तळाच्या खोलगट भागात, जेथे पाणी साचते. वरचा गंज पसरट असतो व सुटून खाली पडतो. तळचा गंज मात्र पत्र्यात खोल खड्डे पाडीत जातो व शेवटी त्याला आरपार भोक पाडतो. तयार झालेल्या गंजाचे आकारमान मूळच्या लोखंडाच्या दुपटीहून अधिक असते. त्यामुळे तो पत्र्याला घट्ट धरून राहत नाही. त्याचे पापुद्रे सुटतात व खालचे ताजे लोखंड पुन्हा उघडे पडते. ॲल्युमिनियमवरील प्राणिदाचा पातळ थर धातूचे रक्षण करतो, तसे रक्षण लोखंडाचा गंज करीत नाही.

जुन्या टाक्यांच्या पत्र्यावर पुष्कळदा शिसे व कथील यांच्या मिश्रणाचा मुलामा दिलेला असे. तो अखंड असेतो लोखंड सुरक्षित राहते. परंतु शिवणीजवळ किंवा ओरखड्यापाशी तो तुटला, की गंजाला वाट मिळते.

शिळे पेट्रोल आणि इथेनॉल

पेट्रोलही कायम टिकणारे नाही. त्यातील हलके घटक उडून जातात. उरलेल्यांपैकी काहींचा हवेतील प्राणवायूशी संयोग होऊन चिकट डिंकासारखा पदार्थ बनतो व थोडी अम्लेही तयार होतात. वर्षानुवर्षे साठलेल्या पेट्रोलला रंगरोगणासारखा उग्र आंबूस वास येतो, तो यामुळेच. हा डिंक गंजाच्या पुडीला धरून ठेवतो आणि दोहोंचा मिळून कठीण थर बसतो.

आज यात आणखी एका गोष्टीची भर पडली आहे. भारतात २० टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलची विक्री २०२३ मध्ये सुरू झाली आणि २०२५ पर्यंत ती देशभर पसरली. इथेनॉलला पाण्याची ओढ असते. साधे पेट्रोल पाणी जवळजवळ सामावून घेत नाही. इथेनॉलमिश्रित पेट्रोल काही प्रमाणात घेते. १० टक्के इथेनॉल असलेले पेट्रोल १५ अंश तापमानाला सुमारे अर्धा टक्का पाणी विरघळवून ठेवू शकते. मिश्रणातील इथेनॉलचे प्रमाण वाढले, की ही मर्यादाही वाढते. पण मर्यादा ओलांडली गेली किंवा तापमान उतरले, की पाणी व इथेनॉल एकत्र वेगळे होऊन तळाशी जातात. हा थर लोखंडास नुसत्या पाण्याप्रमाणेच घातक ठरतो. शिवाय इथेनॉल जुना डिंक सैल करते आणि जुन्या प्रकारच्या रबराला फुगविते व मऊ करते. वर्षानुवर्षे भिंतीला चिकटून राहिलेली घाण नवे पेट्रोल भरताच सुटू लागते, याचे कारण पुष्कळदा हेच असते.

रिकामी टाकी अधिक धोक्याची

दुरुस्तीची पद्धत सांगण्यापूर्वी एका धोक्याची जाणीव करून देणे अवश्य आहे. भरलेल्या टाकीपेक्षा रिकामी टाकी अधिक भयंकर असते, ही गोष्ट पुष्कळांना खरी वाटत नाही. आणि तसे न वाटल्यामुळेच अनेकांचे प्राण गेले आहेत.

जळते ती पेट्रोलची वाफ. हवेत या वाफेचे प्रमाण आकारमानाने सुमारे १.४ टक्क्यांपासून साडेसात टक्क्यांपर्यंत असेल, तर ठिणगी पडताच स्फोट होतो. त्याहून कमी वाफ असेल तर जळण अपुरे पडते आणि जास्त असेल तर प्राणवायू अपुरा पडतो. भरलेल्या टाकीत पेट्रोलवरील थोड्याशा जागेत वाफ इतकी दाट असते, की तेथे सहसा स्फोट होत नाही. रिकाम्या टाकीत मात्र हे प्रमाण नेमके स्फोटक मर्यादेत येऊ शकते. ५० लिटर हवेत १.४ टक्के वाफ म्हणजे ७०० मिलिलिटर वाफ. आणि एवढी वाफ तयार होण्यास चहाचा एक चमचाभर द्रव पेट्रोलही पुरे होते. टाकी उपडी करून निथळली, तरी शिवणीत व गंजाच्या थरात याहून अधिक पेट्रोल लपून राहते. पेट्रोल उणे ४० अंशांच्या आसपासही पेट घेण्याजोगी वाफ देते. मग आपल्याकडील उन्हाळ्यात काय होत असेल हे सांगावयास नको. ही वाफ हवेपेक्षा तीन-चार पट जड असल्याने जमिनीलगत पसरते आणि दूरवरच्या शेगडीपर्यंत किंवा स्विचपर्यंत पोहोचू शकते.

यावरून नियम आपोआप ठरतात. काम उघड्यावर करावे. प्रथम बॅटरीची तार सोडवावी. जवळपास विडी, दिवा, वेल्डिंग वा विजेचे हत्यार नसावे. पाण्याने पेट्रोलची आग विझत नाही, कारण जळते पेट्रोल पाण्यावर तरंगते व पसरते; म्हणून कोरड्या भुकटीचे किंवा फेसाचे अग्निशामक हाताशी असावे. पेट्रोल काढण्यासाठी नळी तोंडाने ओढण्याची सवय तर सर्वथा सोडली पाहिजे. एक घोट जरी ठसका लागून फुप्फुसात गेला, तरी तेथे जीवघेणा दाह होऊ शकतो. टाकीला खाली बूच असेल तर त्यातून, नाही तर हातपंपाने पेट्रोल धातूच्या भांड्यात काढावे.

तपासणी आणि पहिली धुलाई

टाकी मोटारीपासून सोडविल्यावर तिच्यावरील पेट्रोलमापकाचा फ्लोट काढून ठेवावा. त्यानंतर गरम पाणी व कपडे धुण्याची पूड यांनी टाकी अनेक वेळा खळबळून धुवावी. पेट्रोलचा वास पूर्णपणे जाईपर्यंत पुढचे काम करू नये. आणि वास गेला म्हणून वाफ नाही, असेही समजू नये. भारतात २००० सालापर्यंत शिसेयुक्त पेट्रोल विकले जात होते. जुन्या टाकीच्या गाळात त्या शिशाचे अंश असू शकतात. म्हणून हातमोजे घालावे व धुवण गटारात, विहिरीजवळ किंवा मातीत ओतू नये.

धुतलेल्या टाकीचा तळ बाहेरून लाकडी मुठीने हलकेच ठोकून पाहावा. सशक्त पत्रा खणखणीत वाजतो. सडलेला बद्द वाजतो किंवा दबतो. भोके शोधण्यासाठी टाकीची तोंडे बंद करून आत तोंडाने फुंकावी इतक्याच दाबाची हवा भरावी व बाहेरून साबणाचे पाणी लावावे. कॉम्प्रेसरचा पूर्ण दाब कधीही देऊ नये. पातळ पत्र्याची टाकी फुगून फुटते.

सुटलेले पापुद्रे काढण्यास साधी युक्ती पुरते. लोखंडी साखळीचा तुकडा किंवा मूठभर नट थोड्या पाण्याबरोबर टाकीत घालून ती बराच वेळ निरनिराळ्या बाजूंवर हलवावी. नट मोजून घालावे व मोजून काढावे. आत राहिलेला एक नट पुढे पेट्रोलचे तोंड बुजवू शकतो.

गंज काढणारी रसायने

घट्ट बसलेला गंज रसायनांनी काढावा लागतो. हायड्रोक्लोरिक अम्ल गंज झपाट्याने विरघळविते. परंतु ते चांगले लोखंडही खाते, त्याच्या वाफा घातक असतात आणि त्याचा अंश शिवणीत राहिला तर गंज पुन्हा वेगाने चढतो. टाकीसाठी ते टाळलेलेच बरे.

सायट्रिक अम्ल, म्हणजे किराणा दुकानातील लिंबूसत्त्व, सौम्य व सोयीचे असते. एक लिटर पाण्यास ५० ते १०० ग्रॅम या प्रमाणात द्रावण करून टाकी काठोकाठ भरावी. लोहाचे अणू या अम्लाशी बांधले जाऊन द्रावणात येतात. एक-दोन दिवसांत पत्रा करडा दिसू लागतो. गंज सुटल्यावर टाकी अम्लात विनाकारण ठेवू नये, कारण त्यानंतर अम्ल धातूवर काम करू लागते. जस्ताचा मुलामा असलेली टाकी असेल तर ही पद्धत वापरू नये. जस्त आधी विरघळून जाईल.

फॉस्फोरिक अम्लाचा विशेष असा, की ते गंज काढतेच, शिवाय उघड्या लोखंडावर लोह-फॉस्फेटचा पातळ थर निर्माण करते व तो काही काळ रक्षण करतो. फॉस्फेटच्या या गुणाचे थोर उदाहरण दिल्लीतील मेहरौलीचा लोहस्तंभ होय. सुमारे १,६०० वर्षे उघड्यावर उभा असूनही तो गंजून गेलेला नाही. त्याच्या लोखंडात फॉस्फरसचे प्रमाण अधिक आहे आणि त्यामुळे पृष्ठभागावर फॉस्फेटचा संरक्षक थर बनला आहे, असे कानपूर येथील आय. आय. टी.चे धातुशास्त्रज्ञ आर. बालसुब्रमण्यम यांनी आपल्या अभ्यासातून दाखविले. अर्थात टाकीतील थर अतिशय पातळ असतो. त्याच्यावर शतकांचा भरवसा ठेवता येत नाही.

तिसरी पद्धत विजेची आहे. टाकीत धुण्याच्या सोड्याचे द्रावण भरून तिच्या तोंडातून एक लोखंडी सळई, टाकीला स्पर्श न होऊ देता, आत सोडतात. बॅटरी चार्जरची ऋण तार टाकीला व धन तार सळईला जोडतात. टाकीच्या पृष्ठभागावर हायड्रोजनचे बुडबुडे निघतात व गंज सुटा होतो. सळई मात्र हळूहळू झिजते. स्टेनलेस स्टीलची सळई वापरू नये. तिच्यातील क्रोमियमपासून विषारी संयुगे तयार होतात. हायड्रोजन स्फोटक असल्याने हे काम उघड्यावर, टाकी आधी पूर्ण धुऊनच करावे व तारा काढण्यापूर्वी चार्जर बंद करावा.

अम्ल वापरले असल्यास टाकी खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने व नंतर स्वच्छ पाण्याने धुवावी. यापुढील तास फार महत्त्वाचा असतो. नुकतेच उघडे पडलेले लोखंड ओले राहिले, तर पाहता पाहता त्यावर पिवळसर गंज पुन्हा धरतो. म्हणून गरम हवेच्या झोताने, ज्योतीने नव्हे, टाकी तत्काळ कोरडी करावी.

भोके, डाग आणि अस्तर

प्रवासात टाकी गळू लागली, की चालक साबणाची वडी भोकावर घासतात. साबण पेट्रोलात विरघळत नसल्याने गळती काही वेळ थांबते. हा उपाय गॅरेजपर्यंत पोहोचण्यापुरताच होय. लहान भोकास कथील-शिशाचा डाग देता येतो. मोठा भाग सडला असेल तर नवा पत्रा जोडावा लागतो. यांपैकी कोणतेही उष्णतेचे काम घरी करू नये. जाणता कारागीर टाकी प्रथम वाफेने दीर्घकाळ धुतो आणि मग तीत पाणी किंवा न जळणारा वायू भरून आतील स्फोटक हवेला जागाच ठेवीत नाही. जो हे करीत नाही, त्याच्या हाती टाकी देऊ नये.

टाकीच्या आत ओतून बसवावयाचे एपॉक्सीचे अस्तरही मिळते. स्वच्छ व कोरड्या पत्र्यावर ते चांगले बसते. गंजावर किंवा तेलकट पृष्ठभागावर ओतल्यास त्याचे मोठे पापुद्रे सुटतात आणि गंजाहून अधिक त्रास देतात. इथेनॉलला टिकेल असेच अस्तर निवडावे. पत्रा अनेक ठिकाणी सडला असेल, तर नवी टाकी करून घेणे हेच शहाणपणाचे.

टाकीपासून इंजिनापर्यंत

टाकी स्वच्छ झाली म्हणजे काम संपले असे नाही. पोलादी नळीत उलट दिशेने हवा सोडून पाहावे. भरपूर गंज निघाला तर नळीच बदलावी. तांब्याची नळी वाकविण्यास सोपी असते. पण हादऱ्यांनी ती कठीण होऊन तडकते आणि तांब्याच्या सान्निध्यात पेट्रोलचा डिंक लवकर बनतो. रबरी तुकडे सर्व बदलावे व ते इथेनॉलला टिकणाऱ्या रबराचे असावे.

पंपाची जाळी धुऊन पडदा तपासावा. पडदा फाटला असेल तर पेट्रोल इंजिनाच्या तेलात उतरते, तेल पातळ होते व बेअरिंगे झिजतात. तेलाच्या पट्टीला पेट्रोलचा वास येणे ही त्याची खूण होय. सर्वांत शेवटी कार्ब्युरेटर उघडावा. जेटमध्ये पोलादी तार खुपसू नये. पितळ मऊ असल्याने छिद्र मोठे होते व पेट्रोलचे मोजमाप कायमचे बिघडते. जेट द्रावकात भिजवून हवेने फुंकावे. पंपापूर्वी पारदर्शक गाळणी बसविली, तर पुढील काही आठवडे टाकीची स्थिती त्यावरून कळत राहते. गाळणी मात्र टाकीच्या सफाईला पर्याय ठरत नाही.

गंज पुन्हा येऊ नये म्हणून

जी मोटार क्वचित चालते, तिची टाकी शक्यतो भरलेली ठेवावी. पेट्रोलवर हवेची जागा जितकी कमी, तितका रोजचा श्वास लहान आणि तितके दव कमी. झाकणाची रबरी चकती शाबूत असावी आणि हवेचे छिद्र मोकळे असावे. बूच असलेल्या टाकीतील तळचे थोडे द्रव दर पावसाळ्यानंतर काचेच्या बरणीत काढून पाहावे. पाण्याचा थर असल्यास तो स्पष्ट दिसतो. मुंबई, गोवा वा चेन्नई यांसारख्या समुद्राकाठच्या ठिकाणी हवेतील मिठामुळे गंजाचा वेग वाढतो; तेथे ही दक्षता अधिक हवी.

शाळेत करावयाचा प्रयोग

पेट्रोलला हात न लावताही या विषयाचे मर्म विद्यार्थ्यांना पाहता येते. चार परीक्षानळ्या व चार स्वच्छ खिळे घ्यावे. पहिल्या नळीत साधे पाणी खिळा अर्धा बुडेल इतके घालावे. दुसरीत उकळून हवा घालविलेले पाणी खिळा पूर्ण बुडेल इतके भरून वर गोडेतेलाचा थर द्यावा. तिसरीत पाण्याऐवजी कॅल्शियम क्लोराइडचे खडे टाकून बूच लावावे. चौथीत मिठाचे पाणी घालून खिळा अर्धा बुडवावा. आठवड्याने पाहता पहिल्या व चौथ्या नळीतील खिळे गंजलेले दिसतील. दुसऱ्या व तिसऱ्या नळीतील खिळे जवळजवळ तसेच राहतील. दुसऱ्यास पाणी मिळाले पण हवा मिळाली नाही. तिसऱ्यास हवा मिळाली पण पाणी मिळाले नाही.

टाकीचा सारा इतिहास या चार नळ्यांत सामावलेला आहे. गंज खरवडून काढणे हे अर्धे काम होय. लोखंडापासून पाणी व हवा यांपैकी एकाला दूर ठेवणे हे उरलेले अर्धे काम होय, आणि ते मोटार चालते आहे तोपर्यंत करीतच राहावे लागते.